पेस्टिंगच्या बायकांची मोडी वही

मद्रासजवळच्या अंबत्तूर इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या एका बॅटरीच्या कारखान्यात हेमावती टाइम ऑफिसला होती. टाइम ऑफिस म्हणजे फाटकातून आत शिरल्यावर डाव्या हाताची पत्र्याची खोली. एक टेबल, एक घड्याळ आणि हजेरीचं जाड रजिस्टर. कोण किती वाजता आलं, कोण आलं नाही आणि का आलं नाही, हे लिहायचं तिचं काम. बारा वर्षं तिनं ते केलं, आणि बारा वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. ‘का आलं नाही’ या रकान्यात एकही खरा शब्द नसतो.

पेस्टिंगच्या टेबलावर चौदा बायका होत्या. शिशाची भुकटी ॲसिडपाण्यात कालवायची, तिचा लगदा करायचा आणि तो शिशाच्याच जाळ्यांवर थापायचा, दिवसभर, उघड्या हातांनी. त्यांच्या खाड्यांची कारणं ठरलेली. ताप. पाहुणे. आजी वारली. एका बाईच्या तर हेमावतीनं दोन वर्षांत चार आज्या पोचवल्या होत्या. एकदा चिडून तिनं विचारलं, अगं, तुझ्या आजोबांनी लग्नं तरी किती केली? बाई हसली, आणि हसता हसता पोट धरून खाली बसली. बराच वेळ उठलीच नाही. तेव्हा हेमावतीच्या लक्षात आलं की आज्या मरत नव्हत्या, नातीच आजारी होत्या.

शिकलेली माणसं म्हणतात, हे लोक आजार लपवतात, अडाणी आहेत. अडाणी कोण ते बघा. या बायकांपैकी एकही कायम नव्हती. मॅनेजरला ‘पोटात कळा येतात’ म्हटलं की येत्या सोमवारी फाटकावरचा माणूस सांगणार, तुझं नाव यादीत नाही. घरी ‘तिसऱ्या महिन्यात गेलं’ म्हटलं की सासू दुसरी सून बघायला लागणार. दवाखान्यात सांगावं, तर रांगेत मागे गल्लीतलीच शेजारीण कान लावून उभी. तिन्ही दारं बंद असलेल्या बाईला ‘मोकळेपणानं बोल’ म्हणून सांगणाऱ्याची जीभ झडावी.

हे चौऱ्याऐंशी सालचं. त्या वर्षी पोंगलनंतर विशालाक्षी टेबलावरच कोसळली. टेबलावर सगळ्यांत जुनी तीच, सहा वर्षं झालेली, दोन बायकांचं काम एकटी ओढणारी. हेमावतीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेनं निळसर काळी रेघ होती. शिसं रक्तात गेलंय असं वाटतं, त्या म्हणाल्या, पण वाटून उपयोग नाही. रक्तातलं शिसं तपासायला नमुना बाहेर पाठवावा लागतो, आणि एकट्या बाईसाठी तो कुणी पाठवू देत नाही. सगळ्या टेबलाचा कागद आणा. कोण किती वर्षं काम करते, काय दुखतं, कधीपासून, किती वेळा दिवस राहिले आणि किती वेळा गेले. तेवढं आणा, मग मी भांडते.

हेमावती उत्साहानं रेघी वही घेऊन जेवणाच्या सुट्टीत बायकांमध्ये जाऊन बसली. सगळ्या एकदम ठणठणीत झाल्या. कुणाला काही दुखत नव्हतं, कधीच दुखलं नव्हतं. हेमावतीचा पारा चढला. मरा मग, म्हणाली ती. दुसऱ्या दिवशी बायकांनी जेवायची जागा बदलली.

चार दिवसांनी विशालाक्षीच टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. हळूच विचारलं, अक्का, लिहिणार कुठल्या भाषेत? तमिळमध्ये, हेमावती म्हणाली, आणखी कशात? विशालाक्षीनं बोटांवर मोजलं. मॅनेजरला तमिळ वाचता येतं. वॉचमनला येतं. माझ्या नवऱ्याला येतं.

एवढं बोलून ती गेली.

हेमावतीची माणसं मूळची तंजावरची. घरात मराठी, पण ती तीनशे वर्षांपूर्वीची, तमिळच्या पाण्यात भिजलेली. पुण्याची माणसं ऐकून हसतात. तिचे अप्पा जुनी मोडी दफ्तरं वाचून उतरवून देत. त्यांना मुलगा नव्हता. डोळे गेल्यावर ते हेमावतीला पुढ्यात बसवून वाचायला लावत, आणि चुकलं की कागदाच्या गुंडाळीनं टाळूवर हाणत. अशी ती मोडी शिकली. लग्नानंतर कुणी विचारलंही नाही. नवरा गुंडो पोस्टात होता, त्याला मोडी म्हणजे सासऱ्याचं वेड वाटे. मुलगी महालक्ष्मी तर आईशीही तमिळच बोलायची.

दुसऱ्या दिवशी हेमावतीनं कागदावर विशालाक्षीचं नाव मोडीत लिहिलं आणि तिच्या हातात दिलं. विशालाक्षीनं तो सुलटा धरला, उलटा धरला, आणि म्हणाली, न्हाणीत गळलेल्या केसांसारखं दिसतंय. पण बाई हुशार. नुसत्या शब्दावर भुलली नाही. कागद घेऊन गेली आणि जेवणाच्या सुट्टीत कारखानाभर फिरली. वॉचमनला दाखवला, ऑफिसच्या टायपिस्टला दाखवला, तेलुगू फोरमनला दाखवला. मुंबईहून माल घेऊन आलेल्या लॉरीच्या मराठी ड्रायव्हरलाही दाखवला. त्यानं डोकं खाजवलं आणि विचारलं, हा तावीज आहे का? मग ती परत आली. “देवाला तरी वाचता येईल का, अक्का?”

“नाही येणार,” हेमावती म्हणाली. तिच्या आवाजात अप्पांचा सगळा ताठा होता.

मग बायका बोलल्या. एकेक जण, पाण्याच्या टाकीमागे, जेवणाच्या सुट्टीत. हेमावती मोडीत लिहायची आणि लिहून झालं की तिच्या कानाशी तमिळमध्ये वाचून दाखवायची. बाई ‘हे खोड’ म्हणाली की खोडायची, का म्हणून विचारायची नाही. एकीचं पान दुसरीला दाखवायचं नाही, हा नियम बायकांनीच केला. पाच आठवड्यांत चौदा पानं भरली. इतकी वर्षं रोज सकाळी ज्यांची तोंडं पाहिली त्यांचं आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं. एका दुपारी तर पान लिहून आल्यावर तिला डबा उघडवेना. तोंडाला सतत गोडसर धातूची चव. रात्ररात्र कळा. नवऱ्याला सांगितलेलं नाही असं गेलेलं पोर, मग दुसरं, मग तिसरं.

आता हेमावतीची चूक सांगायला हवी, कारण ती चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती.

ती वही तिनं टाइम ऑफिसच्या खणात ठेवली. खणाला कुलूप होतं, पण तिनं कधी लावलं नाही. मोडी हेच कुलूप, आणि त्याची किल्ली सगळ्या मद्रासमध्ये आपल्या एकटीकडे, अशा तोऱ्यात ती होती. आणि ते खरं नव्हतं. जॉर्ज टाउनमध्ये एक म्हातारा राहत होता, वादिराज रायर. तंजावरकडच्या अन्नछत्रांच्या जमिनींचे दावे चालत, त्यातले जुने मोडी कागद लोक त्यांच्याकडे वाचायला आणत. मद्रासमधली सगळी तंजावरी मराठी माणसं त्यांना मामा म्हणत. हेमावती त्यांना विसरली होती म्हणणं खोटं होईल. ते नाव मनात येऊ द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी महालक्ष्मीसाठी वादिराजमामांच्या नातवाचं स्थळ आलं होतं. पत्रिका जुळली, बोलणी ठरली, वीस माणसं जमली, केशरी शिरा झाला, कॉफी आली. आणि हेमावतीनं भर बैठकीत विचारलं, मुलगा रोज दोन वेळा पांढरी गोळी घेतो ती कसली? औषधाच्या दुकानातल्या ओळखीच्या माणसाकडून तिला कळलं होतं. मुलाला लहानपणी फेफरं येत असे. त्यांनी सांगितलं नव्हतं, तिनं उघडं पाडलं. लग्न मोडलं, ते मोडणारच होतं. पण मद्रासमध्ये आपली माणसं मोजकी. पुढच्या लग्नाच्या पंगतीत ती गोळी भाताआधी वाढली गेली. त्या मुलाची आणखी दोन स्थळं बोलायच्या आत परत फिरली. हेमावती म्हणायची, मी खरं तेच विचारलं. खरंच होतं ते. पण मामांच्या वाटेला ती त्यानंतर गेली नाही.

एका शुक्रवारी सकाळी खण रिकामा.

मॅनेजर गुरुमूर्ती गोड बोलणारा माणूस. त्यानं तिला केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं. कंपनीच्या खणातली वही कंपनीची, म्हणाला, नाही का हेमावती अम्मा? हेमावती म्हणाली, त्यात माझ्या घरची स्तोत्रं आहेत. गुरुमूर्ती हसला. मग काय भीती? आमच्या ट्रान्सपोर्टवाल्यानं सांगितलं, जॉर्ज टाउनमध्ये एक रायर अशी लिपी वाचतात. वही सकाळीच पाठवली. सोमवारी तमिळमध्ये लिहून देतील.

“तुमच्यातलेच आहेत म्हणे,” तो म्हणाला. “ओळखत असाल.”

ती उठून केबिनबाहेर आली. चौदा बायका. सोमवारी चौदाही नावं यादीतून जाणार, आणि त्यातल्या निम्म्या तरी घरातूनही. आणि हे सगळं अशा माणसाच्या हातात, ज्याच्या घराची अब्रू तिनं वीस माणसांसमोर काढली होती. तिच्यावर सूड उगवायला त्यांना काही करायचंच नव्हतं. नुसतं वाचायचं होतं.

दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती. हेमावती संध्याकाळी फाटकाबाहेर बायकांना थांबवून सगळं सांगून मोकळी झाली. खण उघडा होता हेही सांगितलं.  एक जण रस्त्याच्या कडेला बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

विशालाक्षी तेवढी बोलली. “वाचता येणारा माणूस होता, आणि तुम्हाला ठाऊक होतं?”

“ठाऊक होतं.”

“मग देवाचं काय सांगत होतात?”

 बायका बसच्या रांगेला लागल्या. तिच्यासोबत त्या दिवशी कुणी उभं राहिलं नाही.

शनिवारी गुंडो म्हणाला, मी जातो, पुरुष माणसाशी पुरुषानं बोललेलं बरं. खड्डा मी खणलाय, तू कशाला उतरतोस, म्हणून ती एकटीच जॉर्ज टाउनकडे जाणाऱ्या पॅरीजच्या बसमध्ये बसली. दीड तास बस रखडत होती, आणि ती मनात भाषणं रचत होती. एक रागाचं, एक कायद्याचं, एक रडून सांगायचं. घाऊक दुकानांच्या गल्लीत हातगाड्या चुकवत, मिरचीच्या पोत्यांनी ठसकत ती मामांचा जिना चढली, आणि वर पोचेपर्यंत तिन्ही भाषणं उडून गेली होती.

मामा खिडकीशी बसले होते. वही समोरच्या डेस्कवर, मिटलेली. “बैस,” म्हणाले. “कॉफी येते अहे.”

ती उभीच राहिली. “मामा, ती वही माझी अहे.”

“मज ठाऊक अहे. तुझ्या अप्पांचं वळण अहे, न ओळखायास काय जाहलं?”

“किती वाचलांत?”

“एक पान पुरतं. दुसऱ्याच्या मध्यावर कळलं काय अहे ते. मग मिटून ठेवलों.” तिच्या तोंडाकडे पाहून ते म्हणाले, “नको विश्वास ठेवूस. तुझ्या जागी मी असतों तर मीही ठेवलों नसतों.”

सुनेनं कॉफीचा टंबलर आणून ठेवला आणि हेमावतीकडे न बघता आत गेली. हेमावती बसली. मामा बाहेरच्या गाड्यांकडे बघत बोलू लागले, सावकाश, कुणाचा तरी जुना कागद वाचून दाखवावा तसे.

“त्या दिवशी तू विचारलीस, ते खोटं नव्हतं. लपवलों आम्ही, चूक आमची. पण ती गोष्ट त्या पोराची होती. सांगायची तर त्यानं तुझ्या मुलीस सांगायची, एकीकडे बसून. तू ती उचललीस आणि वीस पानांवर वाढलीस. दोन वर्षं जाहली, तो कोणाच्या लग्नास जात नाही. घरी बसून जेवतो.”

हेमावतीचा हात टंबलरवर तसाच राहिला. भाजत होतं, तरी तिनं काढला नाही.

“चुकलं माझं, मामा,” ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून गुंडोनं पंचवीस वर्षांच्या संसारात ऐकले नव्हते.

“हूं,” मामा म्हणाले. “ते मज सांगून काय उपयोग? त्यास सांग कधी, आला समोर तर.” त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. “या बायांनी तुज सांगिटलं. मज नाही, त्या मॅनेजरास नाही. घेऊन जा.”

सोमवारी तो येईल, त्याला काय सांगाल, असं तिनं विचारलं, तेव्हा म्हातारा पहिल्यांदा चिडला. काय सांगायचं त्यात? ज्याची वस्तू त्याला दिली, म्हणेन. चाळीस वर्षं लोकांचे कागद वाचतो आहे, भावाचा कागद भावाला दाखवला नाही, हा कोण लागून गेला? आणि मग तिच्यावरच घसरले. एवढी शहाणी, आणि नाव आणि दुखणं एकाच पानावर लिहिलंस? अप्पांनी हेच शिकवलं का? नाव एकीकडे ठेवायचं, मजकूर एकीकडे, मध्ये नुसता आकडा. एक हरवलं तर दुसऱ्याचा कोणाला उपयोग होता कामा नये.

त्यांनी सुनेकडून कात्री मागवली आणि खुर्ची खिडकीकडे वळवून पाठ करून बसले. हेमावतीनं तिथंच, त्यांच्या डेस्कवर, प्रत्येक पानावर आणि त्याच्या माथ्यावरच्या नावाशी एकच आकडा घातला आणि नावाची पट्टी कापली. चौदा पट्ट्या.  शेवटची पट्टी कापून ‘जाहलं’ म्हणेपर्यंत मामा वळले नाहीत. तेव्हा तिचा विश्वास बसला.

वही आणि पट्ट्या घेऊन ती जिना उतरली. खाली येऊन तिनं एका दुकानाच्या पायरीवर बसून ऊर भरून श्वास घेतला, मिरचीचा ठसका लागला, आणि ती खोकता खोकता हसायला लागली. दुकानदारानं पाणी दिलं.

रविवारी ती चौदा घरी गेली. दारात उभं राहूनच प्रत्येकीच्या हातात तिची पट्टी ठेवली आणि विचारलं, पान डॉक्टरीणबाईंना द्यायचं का, नावाशिवाय? पुन्हा विचारायचं, हे तिनं परतीच्या बसमध्येच ठरवलं होतं. एकदा सांगितलं म्हणजे कायमचं दिलं असं नसतं. अकरा जणी हो म्हणाल्या. तिघी नाही म्हणाल्या. त्यांना त्यांची पानं तिथल्या तिथे परत दिली. एकीनं ते पान तिच्यासमोर चुलीत सारलं, आणि हेमावती ते पुरतं जळेपर्यंत थांबली. समजावायला गेली नाही. महिन्यापूर्वीची हेमावती तासभर भांडली असती.

विशालाक्षीनं पट्टी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि परत दिली. “ही चिकटवा जागेवर. माझं कसलं दुखणं एक नंबर दोन नंबर? डॉक्टरीणबाईंनी मला नावानं हाक मारली पाहिजे.”

“नक्की?”

“वाचेना का कुणी. आता मी सांगतेय, अक्का. वही नाही सांगत.”

सोमवारी सकाळी हेमावती कामावर न जाता दवाखान्यात गेली. ती वाचत गेली, डॉक्टरीणबाई लिहीत गेल्या. दुपारी कारखान्यात पाय ठेवला तेव्हा गुरुमूर्ती जॉर्ज टाउनहून परत आला होता. गोड बोलणं संपलं होतं. स्तोत्रं कुठे आहेत, त्यानं विचारलं. जिथं म्हणायची तिथं म्हणून झाली, ती म्हणाली. त्यानं तिची बदली स्टोअरला केली, जिथं खिडकीसुद्धा नव्हती. इन्स्पेक्टर येईपर्यंत नावं त्याला कळली नाहीत, आणि नावाशिवाय काढणार कुणाला? सगळ्या टेबलाला काढलं असतं तर लगदा काय स्वतः थापला असता?

रक्ताचे नमुने गेले. दीड महिन्यानं निकाल आले, आणि त्यांच्या मागोमाग कारखान्यांचे इन्स्पेक्टर आले. अकरांपैकी सात जणींच्या रक्तात शिसं फार होतं. त्या सातजणींना पगार न कापता पॅकिंगला बसवावं लागलं, टेबलावर धूळ ओढणारा पंखा आला, हातमोजे आले. सगळं काही निस्तरलं नाही. दोघींच्या कळा पुढे कित्येक वर्षं गेल्या नाहीत. पण कुणाचंही नाव यादीतून गेलं नाही, आणि ज्या तिघींनी पानं परत घेतली होती त्यांतली एक दुसऱ्या खेपेच्या तपासणीला आपल्या पायांनी रक्त द्यायला गेली. का आलीस, असं तिला कुणी विचारलं नाही.

निकालाचे कागद ज्या संध्याकाळी हातात पडले, त्या संध्याकाळी एस्टेटच्या बस स्टॉपवर बायकांनी उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल घेतलं आणि कागदाचे द्रोण हातात धरून उभ्या राहिल्या. हेमावती स्टोअरमधून उशिरा सुटली. लांबूनच तिला आवाज ऐकू आला. रक्तातल्या शिशाचे आकडे शाळेतल्या मार्कांसारखे सांगणं चाललं होतं. माझे अठ्ठावन्न. माझे एकाहत्तर. एकाहत्तर म्हणणारी विशालाक्षी, आणि ती पहिला नंबर आल्यासारखी मान ताठ करून उभी होती. कुणीतरी म्हणालं, एवढ्या शिशाची तर एक बॅटरी होईल. त्यावर हशा पिकला. स्टॉपवरचे पुरुष वळून वळून बघत होते.

हेमावती घाईनं पुढे झाली. तिनं विशालाक्षीचं कोपर धरलं. “हळू बोला गं. सगळे ऐकतायत.”

“ऐकू देत,” विशालाक्षी म्हणाली. “माझंच आहे ना? मी सांगतेय.” आणि सुंडलचा द्रोण तिच्यापुढे केला.

हेमावतीनं मूठभर घेतलं. अजून कढत होतं. बस दिसली तशा सगळ्या पुढे सरसावल्या, आणि या वेळी तिच्यासाठी कुणीतरी जागा धरली.